तासभर आधी

“हृदयाचं काही?” असं डॉ. सुनीतींनी विचारलं आणि सुहासिनीबाई “नाही” म्हणाल्या. त्यात विशेष असं काही नव्हतं. बीपी, शुगर, दमा, हृदय असं ते एका दमात विचारून झालं होतं, आणि पहिल्या तिन्हींना जसं त्यांनी नाही म्हटलं तसंच चौथ्यालाही म्हटलं. आवाज हलला नाही की पापणी हलली नाही. तीस वर्षांचा सराव होता. पण शब्द तोंडातून गेला आणि खुर्चीत उताण्या पडल्या पडल्या त्यांना एकाएकी घाम फुटला. हे ‘नाही’ त्यांनी आजवर पुष्कळांना दिलं होतं. सासूबाईंना, नणंदांना, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना. ते घेऊन सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या. त्यांतलं कुणी ते खरं धरून सुहासिनीबाईंच्या तोंडात हत्यार घालणार नव्हतं. ही मुलगी घालणार होती. आणि खुर्चीच्या पायथ्याशी, कापडी पिशवी पोटाशी धरून, त्यांचे यजमान उभे होते.

“आधी गोळ्या द्या,” यज्ञेश्वरराव म्हणाले. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली, आणि अलीकडे कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळ्यांशीच शेवटच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसे बोलत. “पू झालाय म्हणता ना? मग आधी तीन दिवस अँटिबायोटिक, मग दात. असंच असतं.”

“कुठे असतं?”

“सगळीकडे.”

“इथे नसतं.” डॉ. सुनीती त्यांच्या उजव्या कानाशी गेल्या आणि त्यांनीही आवाज चढवला. “सर, पू दाताच्या मुळाशी साचलाय. तिथे रक्तच नीट पोचत नाही, गोळी काय पोचणार? दात काढला की पुवाला वाट मिळते, काम संपलं. काकूंना ताप नाही, गाल सुजला नाही, गिळायला त्रास नाही. नुसत्या दुखऱ्या दाताला मी अँटिबायोटिक देत नाही. उगाच गोळ्या खाल्ल्या तर पोटातले गरीब बिचारे जंतू मरतात, आणि जे द्वाड असतात ते शहाणे होऊन पुढच्या वेळी गोळीला जुमानत नाहीत. शाळेत एका मुलानं खोडी काढली तर तुम्ही सगळ्या वर्गाला छड्या मारायचात का?”

“मारायचो,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“वाटलंच. बाहेर तुळजाबाई बसल्यात त्या पाहिल्यात ना? त्यांचा जबडा गळ्यापर्यंत सुजलाय, अंगात ताप आहे, तोंड अर्धंच उघडतं. त्यांचा पू काढला आणि शिवाय गोळ्याही दिल्या. पसरायला लागलं की द्यायच्या, नाहीतर नाही.”

यज्ञेश्वररावांनी मान डोलावली. सिद्धता पटली की हा माणूस हट्ट सोडतो, हा त्यांचा गुण सुहासिनीबाईंना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळला होता. पटली नाही तर मात्र तो पायरी पायरी मागे जातो आणि कुठे चुकलं ते सापडेपर्यंत उठत नाही. “मग मी खाली मंडईत जाऊन येतो,” ते म्हणाले. “चार दिवस हिला मऊच लागेल. दुध्या आणतो.” जिन्यावरून त्यांच्या चपला खाली उतरत गेल्या. डॉ. सुनीतींनी सुई भरली आणि दिवा खाली ओढला, आणि सुहासिनीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलं घट्ट धरलं. स्वतःच्या बोटांत एवढा जोर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “हृदयाचं आहे. लहानपणापासून. एक झडप नीट मिटत नाही.”

डॉ. सुनीतींनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मग हातमोजे काढले, एक एक बोट ओढून. “मघाशी विचारलं तेव्हा?”

“तेव्हा ते होते ना.”

ती मुलगी स्टूल ओढून खुर्चीजवळ बसली. तिच्या वडिलांचा हा दवाखाना, त्यांच्यानंतर ती बसायला लागली. दारावरच्या पाटीवर ‘चपला बाहेर काढा, तक्रारी आत सांगा’ हे वडिलांच्या काळचं वाक्य अजून होतं. “काकू,” ती म्हणाली, “दात निघताना तोंडातले जंतू रक्तात जातात. माझ्याही जातात, दात घासतानासुद्धा जातात. धडधाकट हृदयातून ते वाहून जातात. बिघडलेल्या झडपेवर जाऊन बसतात आणि तिथे बिऱ्हाड करतात. मग महिनाभर बारीक ताप, अशक्तपणा, सगळे म्हणतात हवा बदलली. आणि एक दिवस माणूस जातं, दाताची आठवणही कुणाला येत नाही. सगळ्यांना गोळ्या द्यायच्या नसतात, पण तुम्हांला द्यायच्याच असतात. एकदम सगळ्या, आणि तासभर आधी. पेनिसिलिन चालतं ना अंगाला?”

सुहासिनीबाईंना हसू आलं. पेनिसिलिनवरच तर त्या वाढल्या होत्या. “चालतं,” त्या म्हणाल्या. आणि मग ज्याची खरी भीती होती ते विचारलं, “यांना काय सांगू?”

“ते तुम्ही ठरवा. मी कुणाला सांगणार नाही. पण मी आत्ताच त्यांना एवढं व्याख्यान दिलंय की काकूंना गोळ्या लागत नाहीत, आणि ते काही विसरणाऱ्यांतले दिसत नाहीत.”

बाहेरच्या खोलीत वासंतीनं, म्हणजे नंबर लावणाऱ्या मुलीनं, पाण्याचा पेला आणि कॅप्सूलची पट्टी आणून दिली. पट्टी फाडली तसा तो वास आला. बुरसटलेला, ओलसर, किंचित कुबट, आणि सुहासिनीबाई बाकावर बसल्या जागी हडपसरला जाऊन पोचल्या. तेव्हा ते गावच होतं. वडील तिथल्या शाळेत मास्तर, मागे उसाचं रान, आणि पडवीत स्टोव्हवर सुई उकळणारे दत्तोबा कंपाउंडर. त्यांच्या बाटलीच्या बुचाला हाच वास यायचा. लहानग्या सुहासला ताप येऊन गेला होता, मग एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, आणि शहरातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं होतं. ऐकताना ते खिडकीबाहेर पाहत होते. आईनं विचारलं, “काय ऐकू येतंय?” तर म्हणाले, “जे यायला नको ते.” तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी ती जाड सुई, कमरेखाली, आणि मग पाय ओढत चालणं. आईनं पहिल्या खेपेलाच शेजारी सांगून टाकलं की सुहासच्या पायात बाभळीचा काटा गेलाय. पुढच्या खेपेला पुन्हा काटा. गावातले सगळे काटे तुझ्याच पायाला बरे सापडतात, असं मैत्रिणी म्हणायच्या. मुलगी उपवर होणार होती. काटा निघतो, हृदय निघत नाही, एवढा आईचा हिशेब साधा होता. त्यात लबाडी होती असं सुहासिनीबाईंना तेव्हा वाटलं नाही आणि अजूनही धड वाटत नव्हतं. आई भ्यायली होती. भ्यालेलं माणूस जे हाताशी लागेल ते पुढे करतं.

त्यांनी कॅप्सूल एकेक करून गिळल्या. पोटात पाणी गार गार उतरत गेलं. समोर बसलेल्या तुळजाबाई, गालाला फडकं बांधलेल्या, मांजरी गावाकडच्या, पोराची गाडी यायची वाट पाहत होत्या. फडक्यातून त्यांनी विचारलं, “तुमास्नी बी दिल्या व्हय? ताप हाय का?” सुहासिनीबाई नुसत्या हसल्या आणि रिकामी पट्टी त्यांनी मुठीत चुरगळून धरली. आता तासभर बसायचं. तो तास कसला होता हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दुध्या आणायला गेलेला माणूस जिना चढून आला की पहिला प्रश्न विचारणार होता की अजून दात का निघाला नाही. सांगितलं नाही तर? तर आणखी एक काटा. गर्दी होती, डॉक्टरांना फोन आला होता, सुई गरम व्हायची होती. काट्यांना काय तोटा. हे सगळं त्यांना येत होतं, झोपेतसुद्धा येत होतं, आणि आज पहिल्यांदाच त्यांना त्याचा कंटाळा आला.

मुलगी दाखवायला नेली तेव्हा मुलाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आईनं रस्त्यातच बजावलं होतं, धाप लागली तर मेलीस. म्हणून सुहास एक पायरी चढायची आणि थांबायची, साडीच्या निऱ्या नीट करायची, पुन्हा एक पायरी. वर दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं, मुलगी कशी धीराची, जिन्यावर पाय वाजत नाही. त्या एका जिन्यावर लग्न ठरलं. सासूबाई वारल्या तोवर त्यांनी थोरल्या जावेला किती वेळा ऐकवलं असेल की बघ, सुहासिनी कशी चढते. लग्न झालं आणि इंजेक्शनं थांबली. तिकडे कोण देणार, आणि काय सांगून देणार. आई म्हणाली, आता देव आहे.

आणि नवरा चांगला होता. तीच तर पंचाईत झाली. उंच, हाडकुळा, हातावर खडूची पूड. रात्री तिच्या छातीवर डोकं ठेवून वर्गातल्या गमती सांगायचा. एकदा सांगता सांगता थांबला. कान दाबून ऐकत राहिला. “काय म्हणतंय गं हे?” त्यानं विचारलं. “ठोका पडला की मागून फुस्स करतंय. लोहाराचा भाता असतो ना, तसं.” ती म्हणाली, “काही नाही, तुमचाच कान वाजतोय.” आणि हसून कुशीवर वळली. त्यानंतर त्याचं डोकं तिनं तिथे येऊ दिलं नाही. खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, पण तिथे नाही. दुसऱ्या वर्षी दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं, आणि माहेरपणाच्या निमित्तानं आईनं पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. पुन्हा नको, म्हणाले. मूल राहील की नाही ते माहीत नाही, ही राहणार नाही.

तेव्हापासून सुहासिनीबाईंनी व्रतं धरली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, मग चातुर्मास, मग कुणीतरी सांगितलेलं आणि कुणीही न सांगितलेलं. आठवड्याचे वार पुरेनात. व्रताच्या बाईला वेगळं निजायला लागतं हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. सासूबाईंना तर सुनेचं कौतुकच वाटलं. यज्ञेश्वररावांनी काही दिवस वाट पाहिली, मग एकदा विचारलं, “अजून किती?” आणि तिनं देवाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. तिथे रेडिओ होता. पुढे मूल का नाही याची कुजबुज सुरू झाली. बाई एवढी देवभोळी आणि सोज्वळ म्हटल्यावर दोष कुणाकडे जाणार हे ठरलेलंच होतं. एका मुंजीच्या पंगतीत कुणीतरी तोंडावर म्हणालं, “मास्तर, एखाद्या डॉक्टरला दाखवा.” यज्ञेश्वररावांनी ताकाची वाटी खाली ठेवली आणि “बघू” एवढंच म्हटलं. सुहासिनीबाई वाढत होत्या. हातात मठ्ठ्याचं पातेलं होतं. त्या पुढच्या पानाकडे सरकल्या, आणि त्या सरकण्याची लाज अजून गेली नव्हती. बाहेरच्या खोलीतला रेडिओ वर्षावर्षाला थोडा थोडा मोठा होत गेला. एका घरात राहून तो किती मोठा झालाय ते त्यांना कळलं नाही. शेजारी तक्रार घेऊन आले तेव्हा कळलं.

तो रागावेल याची त्यांना भीती नव्हती. रागावला असता तर बरंच वाटलं असतं. भीती होती ती मागे जाण्याची. एकदा कळलं की हा माणूस पायरी पायरीनं मागे जाणार. व्रतं, माहेरपण, पंगत, तो पहिला जिना. आणि जिथे जिथे त्याला बायको दिसत होती तिथे तिथे एक घाबरलेली, खोटं बोलणारी बाई उभी आहे हे त्याला दिसणार. मग एवढी वर्षं हा कुणाबरोबर राहिला? त्यांच्याबरोबर तर नाहीच. आणि त्याही कुणाबरोबर राहिल्या नव्हत्या. हे असं सरळ शब्दांत त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. दुखऱ्या दातानं ठणका मारला आणि त्यांनी गाल तळहातात धरला.

चपला वाजल्या. यज्ञेश्वरराव पिशवी घेऊन आत आले. दुध्याचं देठ बाहेर डोकावत होतं. “झालं?” त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं.

“अजून नाही.”

“काय?”

“अजून नाही झालं,” सुहासिनीबाई जरा मोठ्याने म्हणाल्या.

“का?”

जीभ तयार होती. डॉक्टरांना फोन आला होता. पण समोरून तुळजाबाईच बोलल्या, फडकं सावरत, मदत करायच्या भावनेनं, “गोळ्या खाल्ल्याती त्यांनी. तासभर थांबा म्हनल्यात बाई.” हे मात्र यज्ञेश्वररावांना ऐकू आलं. शेतात हाका मारून तयार झालेला आवाज होता तो.

“गोळ्या?” ते म्हणाले. “कसल्या गोळ्या? तुला गोळ्या लागत नाहीत असं ती मघाशी बोलली.” पिशवी त्यांनी बाकावर ठेवली. “ताप नाही, सूज नाही, पसरलेलं नाही. मग काय कारण?” कपाळावर ती आठी पडली होती, पायरी शोधण्याची.

सुहासिनीबाईंनी मूठ उघडली. चुरगळलेली पट्टी त्यांच्या तळहातावर हळूहळू उलगडली. त्या म्हणाल्या, “माझ्या हृदयात दोष आहे.” पण तीस वर्षं जे कुजबुजण्याइतकंही बोललं नव्हतं ते मोठ्याने कुठून निघणार, यज्ञेश्वररावांनी कानामागे हात धरला आणि “काय?” म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा “काय?” वासंतीनं मान खाली घातली. पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी पेपर वर धरला. तुळजाबाई म्हणाल्या, “बाई, मोठ्यानं सांगा की, त्यास्नी ऐकू येत न्हाई.”

मग सुहासिनीबाईंनी मोठ्याने सांगितलं. मंडईतल्या बाईनं भाव सांगावा तसं, एक एक शब्द तोडून. “माझ्या हृदयात दोष आहे. लग्नाआधीपासून. मूल झालं असतं तर मी मेले असते. म्हणून व्रतं धरली. तुम्हांला सांगितलं नाही.” स्वतःचा आवाज त्यांना कुणा तिऱ्हाइताचा वाटला, आणि श्वास लागला. त्यांनी तो लागू दिला, निऱ्या नीट केल्या नाहीत.

यज्ञेश्वरराव पिशवीशेजारी बसले. बराच वेळ ते दुध्याकडे पाहत होते. पायरी पायरीनं मागे जात असतील; सुहासिनीबाईंना ते जाताना दिसत होते, आणि कुठे थांबतील ते कळत नव्हतं. मग ते बोलले. हळू बोलायचं म्हणूनच बोलले असतील, पण त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, त्यामुळे ते सगळ्या खोलीनं ऐकलं.

“मी समजत होतो,” ते म्हणाले, “तुला माझी किळस येते.”

आतून डॉ. सुनीतींनी हाक मारली, “काकू, या.” तास झाला होता. सुहासिनीबाई उठल्या, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते पुष्कळ होतं आणि मोठ्याने सांगायला लागलं असतं. त्या आत गेल्या. जीभ जड झाली, ओठ परका झाला. दात हलला, करकरला आणि निघाला, आणि त्याबरोबर कडू, खारट असं काहीतरी तोंडभर आलं. डॉ. सुनीतींनी कापसाची घडी ठेवून दाबून धरायला सांगितलं. “तासभर बोलायचं नाही. थुंकायचं नाही. आणि काकू, आता दर वेळी, कुठल्याही दाताच्या डॉक्टरला, आधी सांगायचं.” सुहासिनीबाईंनी मान हलवली.

रिक्षात दोघांच्या मध्ये पिशवी होती. यज्ञेश्वररावांनी ती उचलून पायाशी ठेवली, पण मध्ये झालेली जागा तशीच राहिली. घरी आल्यावर त्यांनी उशी झटकून दिली, पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. रेडिओ लागला नाही. भर दुपार होती, खालच्या गल्लीत कुणीतरी भांडी घासत होतं. सुहासिनीबाई छताकडे पाहत पडून राहिल्या. कापूस भिजत चालला होता. जे बोलायचं ते त्यांच्या तोंडात गच्च दाबून बसवलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते त्यांनी स्वतः बसवलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं उंबऱ्याशी सावली आली. यज्ञेश्वरराव आत आले नाहीत. चष्मा काढून त्यांनी हातात धरला होता.

“ऐकू का?” त्यांनी विचारलं.

आधी सुहासिनीबाईंना समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी छातीवरचा हात बाजूला घेतला. यज्ञेश्वरराव खाटेच्या कडेला बसले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी वाकून डोकं ठेवलं; पांढरं, विरळ, नारळाच्या तेलाचा वास येणारं. आधी डावा कान, मग जरा सरकून उजवा. श्वास धरून ते ऐकत राहिले. सुहासिनीबाईंना स्वतःला तो भाता इतका स्पष्ट ऐकू येत होता, कानांत, मानेत, दात होता त्या जागी, की घरभर तेवढा एकच आवाज आहे असं वाटत होतं.

“नाही,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “मला आता काहीच ऐकू येत नाही.”

पण डोकं त्यांनी उचललं नाही.